बायपासनंतर श्वास घेताना छाती दुखते

प्रश्न : माझ्या यजमानांची (वय ६१) अठरा दिवसांपूर्वी बायपास झाली. खोल श्वास घेतला की छातीत ओढ बसते, म्हणून ते वरवर श्वास घेतात आणि खोकला दाबून धरतात. सवय लागेल म्हणून वेदनाशामक गोळी घेत नाहीत. रुग्णालयातून मिळालेल्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये कितीही जोरात फुंकले तरी चेंडू हलत नाही. रंकाळ्यावर फिरायला येणारे त्यांचे मित्र कपालभाती करायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चेंडू हलत नाही याचे कारण साधे आहे. ते उपकरण फुंकण्याचे नसून ओढण्याचे आहे, आणि ही चूक इतके जण करतात की घरी सोडताना ती गोष्ट प्रत्येकाला करून दाखवायला हवी. यजमानांना खुर्चीत ताठ बसवा, आधी श्वास सावकाश सोडायला सांगा, मग नळी ओठांत घट्ट धरून सरबत ओढावे तसा हळूहळू श्वास आत घेऊ द्या. चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद तो तिथेच ठेवण्याचा प्रयत्न करावा. तिन्ही चेंडू उचललेच पाहिजेत असा हट्ट नको. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास पुरतात. मात्र चक्कर आल्यास थांबावे.

या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी जोडलेले असते. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे आणि पुरते बळकट व्हायला सुमारे तीन महिने लागतात, त्यामुळे अठराव्या दिवशी दुखणे स्वाभाविक आहे. पण त्या दुखण्यापायी श्वास वरवर राहिला, तर फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून खोकला दाबू नये. घडी घातलेली चादर किंवा लहान उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून खोकावे.

गोळीबद्दलची भीती मात्र सोडावी. पॅरासिटामॉलची सवय लागत नाही, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली, तर श्वास मोकळा घेता येतो. श्वसनाचा व्यायाम गोळीला पर्याय नव्हे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक औषधांच्या दुकानातून स्वतःहून आणू नका, कारण बायपासनंतर ती हृदयाला अपायकारक ठरू शकतात. रात्री दुखून झोप लागत नसेल, तर चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत ओठांचा चंबू करून सोडावा. आखडलेले खांदे व मान सैल पडली की वेदनेची धारही थोडी कमी होते.

कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणारे प्रकार सध्या पूर्ण वर्ज्य. पोटाच्या झटक्यांनी न सांधलेल्या हाडावर ताण येतो. मित्रांचा हेतू चांगला असला, तरी तीन महिन्यांनंतरही शल्यचिकित्सकांना विचारूनच सुरुवात करावी.

खोकताना हाडातून कटकट असा आवाज येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप भरणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. अचानक धाप लागली किंवा शस्त्रक्रियेपूर्वी दुखायचे तसे छातीत दुखू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.