"तुला हवं तसं कर" म्हणाली, मग?

अरे बाळा,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला, काका वैतागले, त्यांना झोपायचं होतं. थंडी, चार-सव्वाचारला पडणारा अंधार, जर्मन भाषेतले नामांच्या लिंगाचे ते डेर-डी-डास, आईची आठवण, यावर मी काही बोलत नाही. ते तुझं तू निभावशील, सगळे निभावतात. मी अडकले शेवटच्या अर्ध्या मिनिटात. तुमच्या एक्स्चेंजच्या बॅचची चार-पाच भारतीय मुलं ख्रिसमसला प्रागला चाललीत, २३ ला निघून २७ ला परत, तू होस्ट आईला, म्हणजे जिच्या घरी राहतोस तिला, विचारलंस जाऊ का, ती म्हणाली "तुला हवं तसं कर", आणि तू लगेच अर्थ लावून मोकळा झालास की त्यांना त्यांचं त्यांचं घरचंच हवंय, आपण मध्ये कशाला कडमडायचं.

जर्मनमध्ये, वी डू म्योख्टेस्ट. हेच म्हणाली ना? खांदे थोडे उडवून, हातातलं काम न थांबवता?

मी हे वाक्य १९९३ च्या डिसेंबरात ऐकलंय, तुझ्या बांबर्गपासून तासाभराच्या अंतरावर, न्यूर्नबर्गजवळच्या एका गावात, आणि तू आत्ता जे करायला निघालायस तेच मी केलं. त्यामुळे हे पत्र जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

मी सतरा वर्षांची. ऑगस्टमध्ये पोचले. त्याच वर्षी जुलैत जर्मनीने पिनकोड चार आकड्यांचे पाच आकडी केले होते आणि आमच्या फॉर्मवर जुनाच होता, त्यामुळे आईची पहिली दोन पत्रं कुठे कुठे फिरून उशिरा आली. मग ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप. तुझा जन्मही नव्हता, पण घरी विचार. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, आणि मी तिकडे जर्मन टीव्हीवर पडलेली दगडी घरं बघतेय, बातमीतलं निम्मं कळत नाही, फक्त 'महाराष्ट्र' शब्द कळला. माझी मावशी लातूरला. होस्ट बाबा संध्याकाळभर फोनची तबकडी फिरवत बसला, लाइन लागेना, परत फिरवायचा. शेवटी पुण्यात आमच्या शेजाऱ्यांकडे लागला, मावशी सुखरूप होती. तोवर रात्रीचे साडेअकरा, आणि ती दोघं माझ्या शेजारी बसून, एक शब्द न बोलता. बिल किती आलं मला कधीच सांगितलं नाही.

हे सांगतेय कारण ही असली माणसं "आम्हाला तू नकोस" म्हणत असतील असं मला त्यानंतर अडीच महिन्यांत वाटलं कसं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

तर डिसेंबर. टेबलावर ती ख्रिसमसआधीच्या चार रविवारांची फांद्यांची चक्री, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त. घरात फराळासारखाच कारभार, पत्र्याचे डबे भरतायत, शेजारणीकडे चार पाठवायचे, तिचे चार आपल्याकडे यायचे. त्यातले व्हॅनिला किप्फर्ल म्हणजे चंद्रकोरीसारखी बिस्किटं, करंजीची धाकटी बहीणच, गरम असतानाच पिठीसाखरेत घोळवायची आणि गरम असताना हात लावला की मोडणार. ते काम होस्ट आईने मला दिलं. मी निम्मी मोडली. मोडलेली आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच संपवली. एवढं सगळं झाल्यावर मी तिला विचारलं, फ्रँकफर्टला बाबांच्या ओळखीचं मराठी कुटुंब आहे, ते ख्रिसमसला बोलावतायत, जाऊ का? ती म्हणाली, तुला हवं तसं कर.

मला इतकं लागलं ते! मी वाट बघत होते की ती म्हणेल, अगं वेडी का, राहा ना. एकदा तरी. नाही म्हणाली. मग गेले.

आता ऐक, हीच एक गोष्ट सांगायला बसलेय, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. आग्रहाची वाट बघू नकोस. तिकडे आग्रह नसतो. आपल्याकडे तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा पोळी पानात पडतेच. आपण निघालो म्हणायचं, समोरच्याने चप्पल लपवायची. (पुण्याचं सोड, आपण त्या बाबतीत बदनामच.) ते सगळं नाटक असतं आणि दोघांनाही माहीत असतं, म्हणून ते चालतं. तिकडे नाही म्हणजे नाही आणि तुला हवं तसं कर म्हणजे खरोखर तुला हवं तसं कर. त्यात रागही नाही, नकोसेपणाही नाही. तुझं उत्तर तुझं असावं एवढंच.

२७ ला संध्याकाळी परत आले. फ्रँकफर्टला मजा आली होती, खोटं कशाला बोलू, वरणभात-तूप, व्हीसीआरवर तीन हिंदी सिनेमे. दार उघडून आत आले तर कपाटाच्या कडेला एक पुठ्ठ्याची ताटली, नक्षीची. त्यात अक्रोड, चॉकलेट, मार्झिपान म्हणजे बदामाची मिठाई, दोन लेबकूखन म्हणजे मसाल्याची केकसारखी बिस्किटं आणि एक संत्रं. कडेला चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर माझं नाव, स्पेलिंग चुकीचं. घरात प्रत्येकाची अशी ताटली असते २४ ला. बाकीच्यांच्या खाऊन रिकाम्या झाल्या होत्या. माझ्यातल्या संत्र्याची साल सुकून कडक झाली होती. आणि शेजारी गुंडाळलेलं पुडकं, त्यात लोकरीचे मोजे, त्यांच्या ओमाने म्हणजे आजीने विणलेले, चार नातवंडांना चार जोड्या आणि पाचवी मला, सगळ्या एकाच लोकरीच्या.

ती म्हणाली, प्रवास बरा झाला ना? बस, एवढंच.

तू म्हणशील, मावशी, एवढं कळायला हवं होतं तुला. कसं कळणार होतं? मला कोणी हे पत्र लिहिलं नव्हतं. सतरा वर्षांची होते, फोन महाग, आईला ऐकून तीन आठवडे झालेले. आणि आजन्म ज्या घरात वाढले तिथे "राहा" न म्हणणं म्हणजे "जा" म्हणणं. माझी चूक होतीच, पण पूर्ण माझी नव्हती.

२००९ मध्ये कामानिमित्त तिकडे गेले तेव्हा तिच्या किचनमध्ये बटाटे सोलता सोलता धीर करून विचारलं, तेव्हा राहा का नाही म्हणालीस? सोलणं थांबवून तिने बघितलं. म्हणाली, मी राहा म्हणाले असते तर तुला नाही म्हणता आलं नसतं. तुला तुझ्या माणसांत जायचं असेल असं वाटलं मला.

सोळा वर्षं. दोघीही एकमेकींचं मन राखत बसलो होतो रे.

तेव्हापासून मी आग्रहाची वाट बघणं सोडलं. लोक आगाऊ म्हणतात. नणंदेच्या घरी गेले की सरळ ओट्याशी जाते, ती मनातून चिडते, मला माहितेय. न बोलावता लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन लाडू वळायला बसलेय. २०१४ ला आमच्याकडे जर्मन मुलगी होती एक्स्चेंजवर, नरक चतुर्दशीला मी तिला "येतेस का" वगैरे विचारत बसले नाही, पहाटे पाचला उठवलं, उटणं लावलं, पाटावर बसवलं. ती रडली. माझी लेक म्हणते भीतीने आणि झोपेने रडली, तिला विचारायला तरी हवं होतंस. असेल. तिच्या देशात तिला विचारलं असतं. पण तिच्यासाठी पाट मांडलेला होता, आणि ती त्यावर बसली, हे मी कुणाकडूनही चुकीचं म्हणवून घेणार नाही.

बरं, तुझं. बिचाऱ्या प्रागने काही बिघडवलं नाही, प्राग पुढच्या हजार वर्षांत कुठे जात नाही, स्वस्त बस आहे, फेब्रुवारीत जा. आत्ता खाली जा आणि म्हण, मला तुमच्याबरोबर राहायचंय. "चालेल का", "तुम्हाला अडचण तर नाही ना" असलं शेपूट लावू नकोस. एक वाक्य. मग बघ तिचा चेहरा.

खाण्याचं आजच सांगून टाक, तू मांस खात नाहीस हे तिला माहीत असेल पण २४ चा बटाट्याचा सॅलड तुझ्या भागात मेयोनीजचा नसतो, गरम सूपच्या पाण्यात करतात, आणि ते पाणी बऱ्याचदा मांसाचं. आधी सांगितलंस तर ती भाज्यांचं करेल. २५ ला बहुतेक बदक नाहीतर हंस असेल, त्याच्याबरोबरचे बटाट्याचे गोळे तुला चालतील, लाल कोबी मात्र विचारून घे, त्यात चरबी घालतात. यात ओशाळायचं काही नाही. ओशाळवाणं होतं ते आयत्या वेळी ताटात बघून तोंड करणं.

गिफ्ट २३ च्या आत घे, २४ ला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात आणि २५, २६ दोन्ही सुट्ट्या. महागाचं नको, ते अवघडतात. आईने पाठवलेल्या चकलीचा डबा आहे ना? फोडला असशील तरी चालेल. आणि ते तुझं गिफ्ट तुझ्यासमोरच उघडतील, एकेक करून, सगळे बघणार, तूही तुझं तिथेच उघडायचंस, आपल्यासारखं कपाटात ठेवून द्यायचं नाही. चर्चमध्ये नेलं तर जा, कुणी तुझा धर्म काढून घेत नाही, मंडळी रांगेत पुढे जातील तेव्हा तू बाकावर बसून राहा, प्रसाद समजून हात पुढे करू नकोस. दिवे मालवून श्टिले नाख्ट म्हणजे 'सायलेंट नाइट' हे ख्रिसमसचं गाणं म्हणतील, पहिलं कडवं पाठ करून ठेव. १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं, ही माहिती आजोबांना दिलीस तर ते तासभर बोलतील, म्हणून जरा जपून.

आणि घरात लहान भाची असेल तर हॉलचं दार दुपारी बंद होईल, आत ख्रिस्टकिंड, म्हणजे भेटी आणणारं येशूबाळ, येतंय म्हणून. घंटा वाजल्यावरच उघडतं. तू कुठल्या बाजूला उभा राहायचं ते तुला कुणी सांगणार नाही. आतल्या बाजूला जा, मोठ्यांच्यात, झाडाला दिवे लावायला.

माझी होस्ट आई आता ८१ ची आहे, मी दर २४ ला फोन करते, आपल्या रात्री आठला, तिकडे साडेतीन. उशीर केला तर चिडते, घंटा वाजवायची असते ना, पणतू आलाय. यंदा तिला सांगीन की बांबर्गजवळ आमचा एक मुलगा आहे. तू खाली गेलास की नाही ते मला त्याआधी कळव.

तुझी,
मावशी