‘पीएच.डी. होईपर्यंत हिचं वय किती होईल?’

दांडिया बाजारातले एक गृहस्थ लेकीला घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मुलगी बी.ई. सिव्हिल, हातात साइटवरची नोकरी. पण तिला भूकंप अभियांत्रिकीत एम.टेक., मग पीएच.डी. करून शिकवायचं होतं. ‘इतकं शिकून शेवटी मास्तरकीच ना?’ असं वडिलांचं म्हणणं. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या जुन्या कलाभवनाच्या बडोद्यात हे ऐकलं की मला गंमत वाटते, पण प्रश्न नेहमीचा आहे.

मी आधी मुलीला बोलतं केलं. तिनं माझ्या वहीत खांबाचा छेद काढला. उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत, आत काँक्रीटमध्ये वळवायला हवेत. साइटवर ते ९० अंशांतच सोडतात. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट निखळलं की असा हूक उघडतो आणि सळ्या बाहेर फुगतात. ‘कंत्राटदार म्हणतो, चालतं,’ ती चिडून म्हणाली.

वडील तिच्या आकृतीकडे बघत होते. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊला तेही जिना उतरून पळाले होते. भूकंपाचं केंद्र कच्छात, मग दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती का पडल्या, हे त्यांनी प्रथमच लेकीला विचारलं. कारणं बरीच होती. त्यांतलं एक म्हणजे तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब, भिंती नाहीत, म्हणून तोच मजला लुळा.

एवढ्या उत्साहावर पीएच.डी. निभत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. महिनोन्‌महिने संगणकापुढे बसायचं, प्रयोगाशी मॉडेल जुळत नाही, पेपर परत येतो. आधी एखाद्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थ्यासोबत सुट्टीत काम करून बघ, म्हटलं.

मग पैसे. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन गेलं तर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावृत्ती, पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढे ४२,०००. म्हणजे बापाच्या जिवावर बसणं नव्हे. सरकारी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतनच ५७,७००पासून सुरू होतं. खासगी कॉलेजात मात्र नेमणूकपत्र नीट वाचून घ्यावं. पीएच.डी. नकोशी वाटली तरी एम.टेक.वर स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसांत काम मिळतं.

आकडे संपले तरी वडील उठेनात. ‘अठ्ठाविशी उलटेल हो, मग स्थळं?’ हीच खरी धास्ती होती. ती पगाराच्या आडून बोलू नका, मुलीलाच थेट विचारा, म्हणालो. मुलीनं तिथंच सांगितलं, ‘बाबा, शिकतानाही लग्न करता येतं. फक्त माझं शिक्षण चालेल असा बघा.’

ती आता एम.टेक.ला आहे. पीएच.डी. करायची का, ते एम.टेक.चा प्रबंध झाल्यावर ठरवणार. वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केलीय, पहिली अट तिचीच घालून.