रणात डबा लपवायचा का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारातले. मुलगा नववीत आहे, त्याला आणि त्याच्या मित्रांना जिओकॅशिंगचं वेड लागलंय, म्हणजे मोबाइलच्या जीपीएसवर बघून कुणी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तिथेच परत ठेवायचा. डिसेंबरात शनिवार-रविवार जोडून आम्ही कच्छच्या छोट्या रणात जातोय, झैनाबादकडे, तर पोरं म्हणतात तिथे आपला डबा पुरून येऊ. चालेल का? आणि ह्यांचं म्हणणं, तिथे घुडखर म्हणजे रानगाढवं सोडून बघायला आहे काय?

उत्तर : डबा नको, रणात तर मुळीच नको. एक तर जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय पुरलेला डबा या खेळाच्या नियमातच बसत नाही, आणि दुसरं म्हणजे ते सगळं अभयारण्य आहे, सुमारे ४९५० चौरस किलोमीटरचं, तिथे आपण प्लास्टिक ठेवून यायचं नाही. शिवाय डबा शोधणाऱ्यांना दगडाखाली, बिळात हात घालायची सवय असते आणि या भागात फुरसं हा विषारी साप आहे. ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं, पण दर वेळी तो ऐकू येईलच असं नाही, म्हणून मुलांना आधीच बजावून ठेवा, हात कुठेच घालायचा नाही.

पण खेळ सोडू नका हं! २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा ठेवला, तिथून हे सुरू झालं. आता बिनडब्याचेही प्रकार आहेत, जागेवर जाऊन नीट बघितल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न विचारायचा. मला रणासाठी हाच प्रकार सगळ्यात आवडतो, कारण त्यात पोरांना प्राण्याकडे बघावंच लागतं.

उदाहरणार्थ खोकड, म्हणजे छोटा कोल्हा, दिसलं तर प्रश्न एवढाच, शेपटीचं टोक कसल्या रंगाचं? पांढरं असेल तर वाळवंटी खोकड, काळं असेल तर आपलं नेहमीचं. दोन्ही तिथे आहेत, दुर्बीण मात्र न्या.

घुडखराची लीद तर आवर्जून बघायला लावा. नर आपल्या हद्दीत ठरावीक ठिकाणी लिदीचे ढीग करतो. वाळलेला एखादा गोळा काडीने फोडला की आत वेड्या बाभळीच्या बिया सापडू शकतात, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. शेंगा घुडखर खातं, बी न पचता बाहेर पडतं, आणि ही बाहेरून आणलेली बाभूळ रणाच्या कडेने पसरत जाते. घुडखराचं पोट भरतंय पण त्याचंच मोकळं रान कमी होतंय, आणि हे मुलांना एका काडीने कळतं, मला वाटतं यापेक्षा चांगला धडा नाही. २०२४च्या गणनेत ७६७२ घुडखर मोजले, म्हणजे कळप दिसतीलच, फक्त जीपवाल्याला पाठलाग करू देऊ नका, धावताना ती ताशी ६०-७० किलोमीटरपर्यंत जातात पण नाहक दमतात.

सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा मोठा सरडा, मात्र डिसेंबरात बहुतेक दिसणार नाही, थंडीत तो बिळाचं तोंड मातीने बंद करून आत राहतो. पाला खाणारा गरीब जीव, तेलासाठी मारला जातो. म्हणून सांड्याची बिळं दिसली तर त्यांचं ठिकाण मोबाइलवर कुणालाही पाठवू नका, खेळातही नाही.

गाईड तिथलाच घ्या, आणि मिठागरावर अगरिया कुटुंब भेटलं तर दोन मिनिटं बसा, ही माणसं पावसाळा संपल्यापासून रणातच राहतात. वाट सोडून गाडी घालू नका, वरून कोरडं दिसतं पण खाली चिखल असतो. वनखात्याचा परवाना लागतो, नकाशे बडोद्यातूनच डाउनलोड करून न्या, आत नेटवर्कचा भरवसा नाही.

आणि खरा डबा ठेवायचाच असेल तर अभयारण्याबाहेर, मालकाची परवानगी घेऊन. खाऊ ठेवू नका त्यात, वासाने जनावरं येतात.