आजीमायचं जीवन कसं लिहायचं? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : सलाम ताई. मी साक्री तालुक्यातली. माझी आजीमाय मागच्या पावसाळ्यात ख्रिस्तवासी झाली, आता पहिला स्मृतिदिन येतोय, घरी आभाराची उपासना ठेवलीय आणि पाळकसाहेब म्हणाले की नातवंडांपैकी कोणीतरी आजीचं जीवन लिहून वाचा. ते माझ्यावर आलं. पण लिहायला बसले की 'प्रेमळ, प्रार्थनाशील, कष्टाळू' एवढं लिहून पेन थांबतो. ती काही मोठी बाई नव्हती हो, मिशनच्या दवाखान्यात आया होती, शाळेत कधी गेली नाही, अक्षरं बायबलवरूनच शिकली. पहाटे चुलीपुढे बसून मोठ्यानं प्रार्थना करायची, एकेकाचं नाव घेऊन, शेताच्या बांधावरून ज्यांच्याशी आमचं वाकडं होतं त्या काकांचंसुद्धा. आम्ही पोरं गोधडीत पडून ऐकायचो, आपलं नाव कधी येतं ते. तिची जन्मतारीखही कोणाला माहीत नाही. काय लिहू?
— एक नात

उत्तर : सलाम बाळा. अगं तू लिहिलंयस की! ती तीन विशेषणं खोडून टाक, कारण ती कोणाच्याही आजीला लागतात, आणि गोधडीतून आपलं नाव ऐकायची वाट बघणारी पोरं ही फक्त तुझ्या आजीमायची. तिथूनच सुरुवात कर.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा वारते ना, तो भाग उपासनेआधी एकदा वाचून बघ. येशूचा शिष्य पेत्र आल्यावर तिथल्या विधवा तिचं कौतुक करत बसत नाहीत, रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. मला वाटतं कोणाचीही आठवण अशीच सांगावी, तिच्या हातचं काय ते दाखवावं.

आता हातचं म्हणजे काय, तर ती आया होती ना, मग आयाचं काम काय असतं ते नीट लिही. पेशंटला शौच-लघवीची भांडी देणं, रक्ताचे कपडे धुणं, बाळंतीण ओरडत असताना रात्रभर तिची पाठ चोळणं, नाइटवरून आल्यावर परत घरी भाकरी थापणं. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम होतं, पुढे त्याचं नाव दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झालं, त्या मिशनरी लोकांच्या कामाच्या हकिकती लिहिल्या गेल्या, छापल्या गेल्या, पण त्यांच्या दवाखान्यांत फरशी पुसणाऱ्या आणि पेशंटजवळ बसून प्रार्थना करणाऱ्या आपल्या बायांचं कोणी काही लिहून ठेवलं का? फारच थोडं. म्हणून 'ती मोठी नव्हती' असं तू म्हणालीस ते मला लागलं. तिच्याबरोबर काम केलेल्या नर्सबाई, महिला मंडळातल्या म्हाताऱ्या कोणी असतील तर आत्ताच जाऊन बस त्यांच्याजवळ, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू कर (विचारून हं) आणि त्यांना बोलू दे. त्या अहिराणीत बोलल्या तर अहिराणीतच ठेव. आजीमाय 'देवले समदं ठाऊक शे' असं म्हणत असेल तर वाचतानाही तसंच वाच, त्याचं पुस्तकी मराठी करून टाकलंस की तिचा आवाज गेला.

बांधाचं भांडणही लिही बरं का. घरचे म्हणतील चारचौघांत नको, त्या काकांचं नाव घेऊ नकोस फार तर, पण वाकडं असताना रोज पहाटे त्या माणसाचं भलं मागणं ही गोष्ट झाकून ठेवलीस तर तिच्या विश्वासातलं सगळ्यात अवघड तेच राहून जाईल. आणि ती चिडत असेल, कोणाशी अबोला धरत असेल तर तेही येऊ दे, त्याशिवाय पहाटेच्या त्या नावाची किंमत कळत नाही.

तारखेचं सांगते. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघ आणि लग्नाचं पण बघ, कारण आपली लग्नं १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोंदवली जातात, त्या नोंदीत वय, वडिलांचं नाव, साक्षीदारांच्या सह्या सापडतात. घरातल्या जुन्या बायबलचं पहिलं कोरं पान उघडून बघ, बऱ्याच घरांत तिथं जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. काहीच नाही मिळालं तर घरच्या मोठ्यांना घटनेवरून विचार, म्हणजे १९४२ला नंदुरबारला शिरीषकुमार शहीद झाला ते आजीमाय सांगायची का, ७२च्या दुष्काळात घरात लेकरं किती होती, कोण कडेवर होतं. वय आपोआप जुळतं.

दोन पानं पुरे. आणि कुठला उतारा वाचायचा असं पाळकसाहेबांनी विचारलं तर बायबलमधलं दुसरे तीमथ्य हे पत्र, पहिला अध्याय पाचवी ओवी सुचव, तिथं पौल तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईसचं, मग आईचं.

प्रश्न : ताई नमस्कार. मी जळगावची, माहेर हिंदू, सासर ख्रिस्ती. आजेसासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं. त्यांच्या स्मृतिदिनाला फोटोपुढे दिवा लावून नैवेद्य दाखवावा असं मनात होतं तर सासरे नको म्हणाले. मी दुखावले.

उत्तर : ताई, तुमच्या मायेला ते नको म्हणाले नाहीत हो. प्रॉटेस्टंट घरात गेलेल्या माणसासाठी नैवेद्य नसतो, प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांसाठी आणि त्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायला. कॅथलिकांमध्ये मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली खास उपासना असते, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतात, म्हणजे सगळीकडे एकच रीत आहे असंही नाही. कबरीवर फुलं वाहायला मात्र तुम्हाला कोणी अडवणार नाही, आदल्या दिवशी जाऊन गवत काढा, कबर धुवा, फुलं ठेवा. आणि उपासनेनंतर प्रीतिभोजन असेल तर स्वयंपाक तुम्ही हातात घ्या, आजेसासूबाईंना आवडायचं ते करा, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकर केलीत तर जेवताना सगळे त्यांच्याबद्दलच बोलतील. सासऱ्यांना हे आधी सांगा, मला वाटतं त्यांना भरून येईल.

प्रश्न : आजीचं बायबल पार जुनं झालंय, पानं सुटलीत, समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. लॅमिनेशन करून घेऊ का? — भुसावळ

उत्तर : नाही, मुळीच नको! लॅमिनेशन परत काढता येत नाही, आणि सेलोटेपही लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. आधी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा फोटो काढा, पेन्सिलीच्या खुणा दिसतील असा, आणि फोटो दोन-तीन जणांकडे ठेवा. सुटी पानं त्यांच्या जागी नुसती ठेवून द्या. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा, भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ओल धरते, आणि भुसावळच्या उन्हात तर अजिबात ठेवू नका. मधूनमधून उघडून वाळवी-कसर बघत जा. खुणा कुठल्या ओव्यांना केल्यात ते वेगळ्या वहीत उतरवून घ्या, आणि शेजारी तारीख किंवा कोणाचं नाव असेल तर तेही.