क्रीडाशंका : एकेचाळिसाव्या वर्षीचे पदार्पण

प्रश्न : फिरकी गोलंदाज प्रवीण तांबे यांना थेट ४१व्या वर्षी आयपीएलमध्ये संधी मिळाली. तोपर्यंत मुंबईच्या निवड समितीला ते दिसलेच नव्हते का? की चार षटकांच्या खेळात कोणीही गोलंदाज खपून जातो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : निवड समितीला ते दिसले नसतील, असे मला वाटत नाही. तांबे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१चा, म्हणजे ते सचिन तेंडुलकरपेक्षा दीड वर्षाने मोठे. सुरुवातीला ते मध्यमगती गोलंदाजी करत असत. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघातून खेळताना कर्णधाराच्या सांगण्यावरून ते लेगस्पिनकडे वळले. मनगटाची ही फिरकी उशिरा हाती घेणाऱ्याचे टप्पा सापडेपर्यंतच दोन-तीन हंगाम निघून जातात, आणि ज्या काळात तांबे तयार होत होते त्याच काळात मुंबईच्या संघात साईराज बहुतुले आणि नीलेश कुलकर्णी हे फिरकीपटू पाय रोवून होते, मागून रमेश पोवारही आले. अशा संघात तिशीकडे झुकलेल्या नवख्या लेगस्पिनरसाठी जागा निघणे अवघडच होते. मात्र मुंबईत कचेऱ्यांच्या संघांतून खेळणाऱ्याचा पगार आणि सराव दोन्ही चालू राहतात, त्यामुळे रणजीचे दार बंद असूनही माणूस वर्षानुवर्षे दर्जेदार फलंदाजांना गोलंदाजी करत राहू शकतो. तांबे यांना टिकवून धरले ते याच मैदानी क्रिकेटने.

आता चार षटकांविषयी; वीस षटकांच्या डावात एका गोलंदाजाला तेवढीच टाकता येतात. चाळिशीतल्या शरीराला दिवसभरात पंचवीस षटके टाकणे जड जाते, चोवीस चेंडू जड जात नाहीत, हे मान्य. परंतु त्या चोवीस चेंडूंत फलंदाज पहिल्यापासूनच तुटून पडतो आणि चूक निस्तरायला दुसरे सत्र मिळत नाही. मध्यमगती गोलंदाजीच्या सवयीमुळे तांबे यांचा चेंडू हवेतून झपकन येई आणि यष्ट्यांच्या रोखाने पडे, त्यामुळे पुढे सरसावून फटका मारू पाहणाऱ्याला गुगली (लेगस्पिनसारखा भासून उलटा वळणारा चेंडू) ओळखायला उसंतच मिळत नसे. ७ मे २०१३ रोजी जयपूरला दिल्लीविरुद्ध राजस्थान रॉयल्सकडून त्यांनी पदार्पण केले, तेव्हा प्रथम श्रेणीचा, म्हणजे रणजीसारखा अनेक दिवस चालणारा, एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. त्या मोसमात फारसे काही हाती लागले नाही. पण त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे विविध देशांतील अव्वल संघांच्या वीस षटकांच्या स्पर्धेत, पाच सामन्यांत १२ बळी घेऊन ते स्पर्धेत अव्वल ठरले. दिल्लीतला राजस्थानविरुद्धचा ६ ऑक्टोबरचा अंतिम सामना मुंबई इंडियन्सने जिंकला. तेंडुलकर आणि राहुल द्रविड या दोघांचाही तो अखेरचा वीस षटकांचा सामना; तांबे यांची कारकीर्द मात्र नुकती कुठे सुरू होत होती आणि दोन दिवसांनी त्यांना ४२वे वर्ष पूर्ण होणार होते. त्यानंतर मुंबईने त्यांना रणजी संघात घेतले. आधी आयपीएल आणि मग रणजी, असा हा उलटा प्रवास!

प्रश्न : तांबे यांची हॅटट्रिक दोनच चेंडूंत झाली असे म्हणतात. हे कसे शक्य आहे?
– एक विद्यार्थी वाचक, सातारा

उत्तर : हॅटट्रिक म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी; तरी हे शक्य आहे, आणि नियमाला धरूनही आहे. ५ मे २०१४ रोजी अहमदाबादला राजस्थानविरुद्ध १७१ धावांचा पाठलाग करणारा कोलकाता संघ बिनबाद १२१वर निवांत होता. राजस्थानच्या शेन वॉटसनने एकाच षटकात तिघांना परत पाठवले आणि पुढचे षटक तांबे यांच्याकडे आले. त्यांचा पहिला चेंडू वाइड, म्हणजे फलंदाजाच्या आवाक्याबाहेर, पडला, पण पुढे आलेला मनीष पांडे त्यावर यष्टिचीत झाला. वाइड चेंडू षटकाच्या सहा चेंडूंत धरला जात नाही, तरी त्यावरचा यष्टिचीत बळी गोलंदाजाच्याच खात्यावर जमा होतो. पुढच्या चेंडूवर युसूफ पठाणचा झेल त्यांनी स्वतःच घेतला आणि त्यानंतरच्या चेंडूवर रायन टेन डोशाटे पायचीत झाला. चेंडू तीन टाकले, मोजले गेले दोन. कोलकाता ६ बाद १२३ आणि सामना राजस्थानने दहा धावांनी जिंकला. या घसरगुंडीतला वॉटसनचा वाटा सहसा कोणाला आठवत नाही, हे जरा अन्यायाचेच.

प्रश्न : ते शेवटचे कधी खेळले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डिसेंबर २०१९च्या लिलावात कोलकात्याने त्यांना वीस लाखांत घेतले होते. मात्र त्याआधी ते परदेशातील दहा षटकांच्या स्पर्धेत खेळलेले असल्याने नियमानुसार आयपीएलसाठी अपात्र ठरले. पण २०२०मध्ये, ४८व्या वर्षी, ते वेस्ट इंडिजमधील कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये ट्रिनबागो नाइट रायडर्सकडून उतरले. त्या स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय ठरले आणि त्यांच्या संघाने त्या वर्षी बाराच्या बारा सामने जिंकले.