सांगलीत काळ्या जमिनीत बांधावर अडुळसा लावला तर येईल का, आणि खोकल्याला पाला कसा घ्यायचा?

हो, आरामात येतो, फक्त पाणी साचून राहील तिथे लावू नका, कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात बांधाच्या उंच अंगालाच लावा नाहीतर मुळं कुजतात. बी शोधत बसू नका, जून-जुलैत जुन्या झाडाची पेन्सिलएवढी जाड, ३-४ डोळ्यांची वीतभर फांदी तिरकी खोचायची, २ डोळे मातीत. आमच्या मिरजेकडच्या बांधावर असंच लावलंय, पाला कडू असल्याने शेळ्या-म्हशी तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला याच्यासारखं झाड नाही, आणि पांढरी फुलं आली की मधमाश्या येतात ते वेगळंच.

खोकल्याला हिरवी पानं धुऊन थोडी वाफवायची, कच्च्या पानाचा रस नीट निघतच नाही, मग कापडातून पिळून मोठ्या माणसाला चमचाभर रस मध घालून. कफ सुटायला हा पाला पूर्वीपासून देतात आणि ते उगाच नाही, पानातलं व्हॅसिसिन कफ पातळ करतं, कफाच्या गोळ्या-सिरपमधलं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच बनवलंय.

पण गरोदर बाईला अजिबात देऊ नका, गर्भाशय आकसतं याने, आणि लहान मुलांना डॉक्टर-वैद्यांना विचारल्याशिवाय नको. खोकला २ आठवड्यांच्या वर गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर पाला बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, टीबीची तपासणी तिथे फुकट होते.