आजीचा ससा आणि तुझा रॅबिट

प्रिय अनू,

काल तू आजीला व्हिडिओ कॉलवर मागच्या बागेतला रॅबिट दाखवलास. "अगं बाई, ससा!" आजी म्हणाली. मग पुस्तकातला हेअर दाखवलास, तर तोही ससाच. "मराठीत दोन शब्द का नाहीत?" असं तू चारदा विचारलंस आणि मी फोडणीच्या नादात "नाहीत म्हणून नाहीत" म्हणालो. हे काही उत्तर नव्हे.

आजीच्या गावच्या माळावर दिसतो तो हेअर. तो बीळ खणत नाही, गवतात खळगा करून दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ असतात, डोळेही उघडे. रॅबिटची पिल्लं जन्मतात बिळात, उघडी नि आंधळी. हा बीळवाला आपल्या रानात नव्हताच. पांढरा, लाल डोळ्यांचा आला तो पिंजऱ्यातून. त्याच्यासाठी वेगळं नाव कोण कशाला शोधणार?

गंमत म्हणजे इंग्रजांकडेही त्याला स्वतःचं नाव नव्हतं. बाराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी तो इथे इंग्लंडात पाळायला आणला, आणि 'कोनी' हे नाव फ्रेंचांकडून आलं. रॅबिट म्हणजे तेव्हा फक्त कोनीचं पिल्लू! पुढे पिल्लाचंच नाव मोठ्यांना चिकटलं. आपले बाळूकाका नाहीत का, साठी उलटली तरी बाळूच.

हेअर मात्र आपल्या नात्यातला. संस्कृत शश, मराठी ससा, जर्मन हाजे, इंग्रजी हेअर ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं. आपल्याकडे जिथे श, तिथे त्यांच्याकडे बरेचदा ह: शत आणि हंड्रेड, शिंग आणि हॉर्न. म्हणजे 'सशाचं शिंग' (जगात नसलेली गोष्ट) हे दोन्ही शब्द तुझ्या इंग्रजीतही आहेत, फक्त वेश बदलून.

चंद्राला शशी म्हणतात तेही त्याच्यावरच्या सशामुळे. कोजागरीला आभाळ उघडलं तर दाखवीन. आजी व्हिसासाठी हेलपाटे घालताना "जिवाची ससेहोलपट" म्हणायची, त्यातही शिकाऱ्यापुढे पळणारा ससाच आहे.

'ससेमिरा'त मात्र ससा शोधू नकोस. जुन्या गोष्टीतला एक राजपुत्र वेडा होऊन स-से-मि-रा एवढंच बरळतो. ती चार श्लोकांची पहिली अक्षरं. एकेक श्लोक ऐकवला तसं एकेक अक्षर गळलं आणि तो बरा झाला. आता ससेमिरा म्हणजे पाठ न सोडणं. काल फोडणी जळेपर्यंत तू माझ्यामागे लावला होतास, तो.

तुझा,
बाबा